किसनराव खरातांचे भांडे

किसनराव खरात स्टोव्ह पेटवण्याआधी घर रिकामे करीत. बायको असो, मुलगी असो, आलेला पाहुणा असो की भाडेकरू, सगळ्यांनी रस्ता ओलांडून समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन उभे राहायचे. मग किसनराव ओसरीवरून एकेकाचे नाव घेत.

"गया?"

"हाये."

"शालन?"

"हाये, बापू."

"पेपरवाले?"

नुसता हात वर केलेला त्यांना चालत नसे. तोंडाने 'आहे' म्हणावे लागे. सगळी उत्तरे आली की ते आत जात, स्टोव्हला पंप मारत आणि जवळजवळ धावतच ओसरीवर परत येत. तोवर कपाळावर घाम आलेला असे, मग दिवस थंडीचे असोत की उन्हाळ्याचे.

जालना जिल्हा झाला त्या वर्षी मी एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून इथे आलो आणि जुन्या जालन्यात किसनरावांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच आठवड्यात मला बातमी अर्धवट टाकून लिंबाखाली उभे राहावे लागले. कारण विचारले तर म्हणाले, "भांडं चढवून राह्यलो." एवढ्यात सगळे आले, असा त्यांचा समज होता.

भांडे मागच्या खोलीत होते. जाड तांब्याचे, घागरीहून थोडे लहान, वर लोखंडी झाकण आणि झाकणाला आवळलेले तीन बोल्ट. झाकणात एका बाजूला आतली उष्णता दाखवणारा काचेच्या नळीतला पारा बसवलेला होता आणि दुसऱ्या बाजूला एक लहान भोक. त्या भोकावर तांब्याचा पातळ गोल पत्रा बसवलेला असे. त्याला ते 'पत्री' म्हणत. आतली वाफ प्रमाणाबाहेर वाढली तर भांडे फुटण्याआधी पत्री फुटावी आणि वाफ निघून जावी, अशी ती योजना. किसनरावांच्या भाषेत, "पत्री म्हंजे घरातलं कुत्रं. चोर आला की भुकायलाच पायजे."

तरुणपणी ते बदनापूरकडच्या एका गावातून हैदराबादला गेले आणि तिथे कवळ्या बनवणाऱ्या एका उस्तादांच्या हाताखाली राहिले. त्या काळी कवळीचा पाया रबराचा असे. गंधक मिसळलेल्या रबराच्या मऊ पट्ट्या साच्यात दाबायच्या आणि वाफेच्या भांड्यात शिजवायच्या. कणकेसारखे मऊ गेलेले रबर शिंगासारखे कडक होऊन बाहेर येई. किसनराव ही विद्या आणि एक जुने भांडे घेऊन जालन्याला परतले. पुढे गुलाबी पावडरीच्या कवळ्या आल्या. त्या साध्या उकळत्या पाण्यात तयार होत. रबराच्या कवळ्या बंद पडल्या, पण लोक किसनरावांना दातवालेच म्हणत राहिले. त्यांच्या स्वतःच्या वरच्या जबड्यात चार-पाचच दात होते. कवळी का घालत नाही, असे विचारले तर म्हणत, "झोपीत गिळली मंग?"

ते अनेक गोष्टींना भीत. एसटीत मागच्या बाकावर बसत नसत. वीज चमकली की अंगावरची किल्ली काढून बाहेर ठेवत. आगगाडी पूर्ण थांबल्याशिवाय आणि बाकीचे प्रवासी उतरल्याशिवाय ते जागचे हलत नसत, त्यामुळे एकदा बदनापूरला उतरायचे राहून ते पुढच्या स्टेशनावर गेले आणि तिथून पायी परत आले. गयाबाई ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगत. "गाडी म्हनली, उतरता का नेऊ? हे म्हनले, आधी तू बराबर उभी ऱ्हा." किसनराव त्यावर हसत नसत आणि रागावतही नसत. "पायी आलो ना? आलो म्हून सांगून राह्यली," एवढेच म्हणत.

मी येण्याच्या थोडे आधी त्यांच्या बंद पडलेल्या भांड्याला पुन्हा काम दिले हबीबभाईंनी. हबीबभाई औरंगाबादला जुन्या वस्तूंचा व्यापार करीत. निजामाच्या काळातल्या शेरवान्या, अचकनी, विलायतेहून आलेले काळे दागिने त्यांच्याकडे येत. या शेरवान्यांची बटणे पुष्कळदा कडक रबराची असत, दागिनेही. एखादे-दुसरे बटण हरवलेले असायचेच. तसे दुसरे मिळायचा प्रश्नच नव्हता, कारण ते बनवणारे कारखाने कधीच मिटले होते. कोणीतरी त्यांना सांगितले की जालन्यात एक दातवाला आहे, त्याच्याकडे रबर शिजवायचे भांडे आहे. ते आले, खिशातून एक बटण काढले आणि किसनरावांच्या हातावर ठेवले. किसनरावांनी ते अंगठ्याने जोरात घासले, नाकाशी नेले आणि म्हणाले, "गंधक. हे आपलंच हाये."

नक्कल करण्याची त्यांची पद्धत कवळीचीच होती. जुन्या बटणाचा प्लॅस्टरमध्ये ठसा घ्यायचा, ठशात रबराचे तुकडे कोमट करून बोटाने बसवायचे, पितळेच्या डबीत ठसा आवळायचा आणि डबी भांड्यात सोडायची. शिजून निघालेले बटण खडूच्या पुडीने घासले की काळेभोर चमके. जुनी बटणे उन्हाने तपकिरी पडलेली असत. त्यांच्याशी रंग जुळावा म्हणून नवी बटणे पत्र्यावर उन्हात ठेवली जात.

एका बाबतीत मात्र ते हबीबभाईंचे ऐकत नसत. जुन्या बटणाच्या मागे कारखान्याचा शिक्का असे. ठसा घेण्याआधी किसनराव त्या शिक्क्यात मेण भरत, म्हणजे नक्कल मागून कोरी निघे.

"मियाँ, पीठ कौन देखता है?" हबीबभाई म्हणत. "बटन तो सामने से लगता है."

"देखनारा देखतोच," किसनराव म्हणत. "पुढून खरं दिसू द्या, मागून खोटं कळू द्या. उद्या पोलीस आला तर मी काय सांगू, विलायतेला कारखाना हाये माझा?"

हे काम सुरू झाले त्याच सुमारास शालन माहेरी परत आली. तिला बदनापूरला दिली होती. परत येण्याचे कारण घरात बोलले जात नसे. ती पंचविशीची होती, अंगाने बापासारखीच बारीक, पण स्वभावाने अगदी उलटी. विंचू निघाला तर चिमट्यात धरून गल्लीच्या टोकाला नेऊन टाकी आणि येताना भाजी घेऊन येई. वडिलांच्या शेजारी बसून तिने काम उचलले. काही महिन्यांतच तिचा हात त्यांच्यापेक्षा बारीक चालू लागला. हबीबभाईंनी एकदा एक तुटकी पिन आणली. काळ्या रबराचा एक नाजूक हात आणि त्या हातात फुलांचा गुच्छ, अशी ती होती. दोन बोटे आणि अर्धा गुच्छ गेलेला. शालनने गेलेला भाग मेणात घडवला आणि पूर्ण हाताचा ठसा घेतला. तयार झालेली पिन हबीबभाईंनी उजेडाकडे धरून उलटसुलट करून पाहिली. किसनराव म्हणाले, "बोटं माझ्या गयाची हायेत." ते खरे होते. नमुना म्हणून शालनने आईचा हात समोर ठेवला होता.

शालन सगळे करी, पण भांडे तापलेले असताना तिने मागच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, असा नियम होता. भांड्यावर नजर ठेवायला किसनराव खोलीच्या खिडकीबाहेर, घराच्या कडेने मागे वळलेल्या ओसरीवर उभे राहत. आत दाढीचा एक आरसा अशा कोनात टांगलेला होता की बाहेरून त्यात पारा दिसे. ज्योत कमीजास्त करायची वेळ आली तर ते एकटेच वाकून आत जात आणि वाकूनच बाहेर येत. शालन लिंबाखालून ओरडे, "बापू, मी जाऊन येऊ का? तुमचे पाय लटलट करून राह्यले."

"करू दे लटलट. माझे हायेत."

एका दुपारी भांडे निवत होते तेव्हा मी त्यांना हैदराबादच्या उस्तादांबद्दल विचारले. त्यांनी आरशात पाऱ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "लई धीराचा माणूस. पत्री संपली तर बिनपत्रीचं चढवायचे. म्हनायचे, इतकी वर्षं झाली, भांडं मला वळखतं. त्या दिवशी झाकनानं छप्पर फाडलं. झाकन तिसऱ्या गल्लीत सापडलं. मी दारात होतो म्हून हाये."

"आणि उस्ताद?"

"उस्ताद पारा पाहायला वाकले होते."

  उठताना ते थांबले आणि आवाज खाली घेऊन म्हणाले, "पेपरवाले, मला भांड्याचं भेव वाटतं, त्याचं काही न्हाई. शालनला वाटत न्हाई. उस्तादासारखी हाये ती. मी गेलो की भांडं तिच्या हातात जानार. तिथून पुढं मला दिसतच न्हाई काही."

त्यानंतर नाव पुकारले गेले की मीही मुकाट्याने रस्ता ओलांडू लागलो. लिंबाखाली उभे असताना बोलणे होत नसे. खिडकीतून स्टोव्हचा एकसारखा सूं आवाज येई. तो आवाज किंचित बदलला तरी सगळ्यांच्या माना तिकडे वळत. गल्लीतले लोक आम्हाला हसत. "चला, दातवाल्यानं तोफ भरली," असे म्हणत सायकली पुढे जात, पण घरासमोरून जाताना त्यांचेही पाय पॅडलवर भराभर चालत.

पुढे पत्र्या मिळेनाशा झाल्या. हैदराबादहून आणलेला साठा संपला आणि तिथले दुकानही बंद झाले. किसनराव तांब्याचा पातळ पत्रा आणून स्वतः पत्र्या कापू लागले. त्यांना त्या कधीच पुरेशा पातळ वाटत नसत. लाकडी हातोडीने ठोकून ठोकून ते पत्रा कागदासारखा करीत. परिणाम असा झाला की पत्री वेळेआधीच फुटू लागली. मोठा आवाज होई, खोली वाफेने भरे, अर्धकच्चे रबर फुगून स्पंजासारखे होई आणि सगळे काम वाया जाई. नुकसानीपेक्षा त्या आवाजाने किसनराव खचत. पत्री फुटली की ते ओसरीवरच खाली बसत. त्या दिवशी जेवत नसत.  गयाबाई पदराने त्यांचा चेहरा पुसत आणि म्हणत, "फुटली ती पत्री, तुमी न्हाई फुटले."

शालन हे पाहत होती. तिने वडिलांना सांगितले की पत्री थोडी जाड ठेवा. त्यांनी ऐकले नाही.

लग्नसराईचे दिवस होते. एका घरातल्या आजोबांची शेरवानी नातवाच्या लग्नात घालायची होती आणि तिचे एकच बटण शिल्लक होते. हबीबभाई ते घेऊन आले. दोन वेळा काम चढवले, दोन्ही वेळा पत्री फुटली. लग्न तोंडावर आले. तिसऱ्या वेळी हबीबभाई स्वतःच येऊन बसले. त्यांनाही लिंबाखाली जावे लागले. दुपारची वेळ, ऊन तापलेले, सावली जेमतेम चौघांपुरती.

"खरातसाहब," ते रस्त्यापलीकडून ओरडले, "बटन पका रहे हो या बम?"

"अजून नक्की न्हाई," किसनराव म्हणाले. आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

सुरुवातीला सगळे नेहमीसारखे चालले. किसनराव आरशात पाहत होते. बऱ्याच वेळाने ते वाकून आत गेले आणि पंप मारून आले. पारा चढायचा थांबला आहे, असे त्यांनी आम्हाला सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा आत गेले, पुन्हा पंप मारून आले. स्टोव्हचा आवाज वाढला होता. पारा मात्र जिथल्या तिथे होता. काचेत तो मध्येच तुटून अडकला होता, हे दुसऱ्या दिवशी कळले.

मग ते आरशापासून थोडे मागे सरकले. चेहऱ्याचा रंग गेला होता.

"झाकनाच्या कडंनं पानी सुटलं," ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण गल्लीत दुसरा आवाज नसल्याने स्पष्ट ऐकू आला. "पानी सुटलं, आन् पत्री बोलली न्हाई. कामून बोलली न्हाई?"

मी शालनकडे पाहिले. ती झाडाच्या बुंध्याला टेकून उभी होती, ती सरळ झाली.

"शालन, पत्री कुणी बसवली?"

"मी, बापू."

"मी कापून ठेवली ती का?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"शालन. काय बसवलं?"

"पैसा."

माळ्यावरच्या डब्यात निजामाच्या काळातले तांब्याचे पैसे पडलेले होते. त्यातला एक तिने पाट्यावर घासून भोकाच्या मापाचा केला होता आणि पत्रीच्या जागी बसवला होता. "तांबंच ना, बापू," ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "मला वाटलं, फुटनारच न्हाई तर तुमी भेनार न्हाई."

 किसनरावांनी एक हात भिंतीला लावला. दुसरा हात आमच्याकडे करून तळवा दाखवला, म्हणजे कोणीही पुढे येऊ नये. त्यांना आत जायचे होते हे दिसत होते, पण पाय उचलत नव्हते. त्या एवढ्याशा वेळात शालन माझ्या शेजारून निघाली. गयाबाईंनी तिचा पदर धरला, तो त्यांच्या हातातून सुटला. तिने रस्ता ओलांडला, वडिलांच्या हाताखालून वाकली आणि आत गेली.

किसनराव ओरडतील असे मला वाटले. ते ओरडले नाहीत. त्यांनी तोंड खिडकीशी नेले आणि आरशात पाहत, एकेक शब्द सुटा करून बोलू लागले. तान्ह्या लेकराला झोपवताना माणूस बोलतो तितक्या हळू.

"वाक. अजून वाक. डोकं झाकनाच्या वर जाऊ देऊ नको. भांड्याला हात लावू नको, माय. स्टोव्हची चावी डाव्या अंगाला हाये. उलटी फिरव. सावकाश. स्टोव्ह हलू देऊ नको."

माझ्या शेजारी हबीबभाई डोळे मिटून ओठ हलवत होते. गयाबाईंनी माझे मनगट धरले होते, ते मला नंतर दुखू लागल्यावर कळले. स्टोव्हमधून हवा सुटल्याचा आवाज आला. सूं आवाज खाली खाली जात थांबला. त्या शांततेत दुसरा आवाज ऐकू येऊ लागला. तो बारीक, शिट्टीसारखा होता आणि थांबत नव्हता.

"झालं," किसनराव म्हणाले. "आता भाईर ये. पळू नको. रांगत ये."

ती आली नाही.

"शालन, ये."

 आग विझली होती, पण वाफ आतच होती. ती कोंडलेलीच होती आणि ती कधी दगा देईल ते सांगता येत नव्हते. किसनरावांनी पुन्हा आरशात पाहिले आणि ते म्हणाले, "बसली. तिथंच बसली." हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले ते कळले नाही.

मग ते आत गेले. आगगाडी थांबेपर्यंत न उतरणारा हा माणूस शिट्टी वाजवणाऱ्या भांड्याच्या खोलीत गेला. वाकून गेला, नेहमीसारखाच. ओसरीचे दार उघडे होते, पण मागची खोली आडबाजूला असल्याने आम्हाला दिसत नव्हती. फक्त त्यांचा आवाज येत होता. "उठू नको. सरक. माझ्याकडं पाह्य. भांड्याकडं पाहू नको, त्याच्याकडं मी पाठ करून बसलो ना? सरक." दोघे बाहेर आले तेव्हा शालन पुढे होती आणि तिच्या पाठीशी चिकटून, दोन्ही हात तिच्या खांद्यांभोवती पसरून ते चालत होते. आपला सगळा देह त्यांनी तिच्या आणि भांड्याच्या मध्ये धरला होता. तसेच त्यांनी तिला रस्ता ओलांडून झाडापर्यंत आणले.

संध्याकाळपर्यंत कोणी घरात गेले नाही. शेजारच्या घरांनाही त्यांनी बाहेर काढले. लोकांनी थट्टा केली नाही. शिट्टी हळूहळू मंदावत गेली आणि कधी थांबली ते लक्षात आले नाही. ती रात्र आम्ही शेजाऱ्यांच्या ओट्यावर काढली.

सकाळी किसनरावांनी बोल्ट सैल केले. मी दारात उभा होतो. त्यांनी पैसा काढला. तो मध्यभागी बाहेरच्या बाजूला फुगून वाटीसारखा झाला होता. वाटीच्या तळाशी केसासारखी एक चीर पडली होती. शालन भिंतीपाशी उभी होती. आता बोलणी बसणार, असे तिला वाटले असावे, कारण तिने आधीच मान खाली घातली होती. किसनरावांनी पैसा तिच्या तळहातावर ठेवला.

"काल उठली कामून न्हाई?"

"पाय न्हवते, बापू." ती रडू लागली. "कमरेखाली पायच न्हवते मला. ते भांडं माझ्याकडंच पाहून राह्यलं, असं वाटलं."

किसनराव तिच्याकडे पाहत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर मी तोवर न पाहिलेला सुटकेचा भाव होता.

"बस खाली," ते म्हणाले. "आता तुला भांडं शिकवतो."

शेरवानीची बटणे जास्त शिजून ठिसूळ झाली होती. ती पुन्हा करावी लागली. हबीबभाईंनी लग्नघरी जाऊन बटणे वेळेवर का झाली नाहीत याचे काय कारण सांगितले, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितले नाही. पण त्यानंतर त्यांनी घाई केली नाही आणि लिंबाखाली पोचणारे ते पहिले असत.

शालनला भांडे शिकवायला किसनरावांनी वर्ष घेतले. पहिले कित्येक महिने थंड भांड्यावरच शिकवणी चालली. पारा बदलून आणला. पत्र्या ती कापू लागली, फार जाड नाहीत आणि फार पातळही नाहीत. एखादी घाईत कापलेली दिसली की ते ती उचलून दाराबाहेर टाकत आणि म्हणत, "हिला भेव वाटलं न्हाई का कापताना? दुसरी काप." पुढे शालन एकटी भांडे चढवू लागली तेव्हा किसनराव आमच्यात येऊन उभे राहत. त्यांना घराकडे पाहवत नसे. ते झाडाकडे तोंड करून उभे राहत आणि मला विचारत, "पाहून राह्यली ना आरशात? वाकून गेली का?" मी हो म्हणे. "बराबर वाकली का?" आता ती तुमच्यापेक्षा नीट करते, असे मी एकदा म्हणालो. "नीट तर उस्तादबी करायचे," ते म्हणाले. "ती भिऊन करते. ते पाहा तुमी."

नव्वदचे दशक सरत आले तेव्हा रबराच्या पट्ट्या येणे थांबले. हबीबभाईंची गिऱ्हाइकेही प्लास्टिकच्या बटणांवर समाधान मानू लागली. शालनने गुलाबी पावडरीच्या कवळ्यांचे काम शिकून घेतले. दोन दवाखाने तिला काम देत. माझी बदली झाली होती, पण जालन्याला आलो की मी त्यांच्याकडे उतरत असे. किसनराव छातीच्या दुखण्याने गेले. त्या वेळी मी दौऱ्यावर होतो. शालनने फोनवर सांगितले की बापू शेवटी शांत होते आणि गयाबाईंना त्यांनी कशाचीही भीती बोलून दाखवली नाही.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते त्याच्या काही महिने आधी. ते ओसरीवर भांडे दोन गुडघ्यांत धरून बसले होते आणि हाताने फिरवायच्या ड्रिलने त्याच्या बुडाला भोक पाडत होते. तांबे जाड होते. थोडे फिरवून झाले की त्यांना दम लागे, मग ते थांबत. शालनने ड्रिल मागितले, त्यांनी दिले नाही. तिच्याकडून मला कळले ते असे : अंबडकडचा एक माणूस भांडे पाहून गेला होता. त्याला कसला तरी अर्क काढायचा होता. भांडे त्याला पसंत पडले. पत्री कशासाठी, हे किसनरावांनी समजावून सांगितले, तेव्हा तो म्हणाला, "त्यात काय एवढं, ते भोक बुजवून घेऊ." त्याला त्यांनी चहा पाजून परत पाठवले आणि दुसऱ्या दिवसापासून हे काम काढले.

मी गेलो त्या दुपारी ते पुरे झाले. अंगठा जाईल एवढे भोक पडले. भंगारवाला आधीपासून येऊन बसला होता. त्याने भांडे उचलून उन्हाकडे धरले, भोकातून पाहिले आणि हळहळला.

"बाबा, इतकं चांगलं भांडं, कामून खराब केलं? कोन्हीबी वापरलं असतं."

किसनरावांनी हातावरचा तांब्याचा भुगा झटकला.

"आता ने," ते म्हणाले. "आता कोनाच्याबी घरी जाऊ दे."